घटक ७ : उगमाकडची जमीन, मुखाकडचा किनारा

७.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
• नदीच्या वरच्या खोऱ्यातील जमीनवापर आणि किनाऱ्यावरील लोकांची उपजीविका यांतील संबंध स्पष्ट करता येईल.
• भीमा-कृष्णा आणि वाशिष्ठी या दोन उदाहरणांतील साम्य व भेद सांगता येईल.
• पाण्याविषयीच्या मराठी लेखनात दडलेली गृहीतके शब्दयोजनेवरून ओळखता येतील.

७.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, सोलापूरचा समुद्र कोणता? वर्गात हा प्रश्न विचारला, की बहुतेकांचे बोट पश्चिमेकडे, मुंबई-रत्नागिरीच्या दिशेने वळते. नदीचे उत्तर मात्र वेगळे आहे. भीमाशंकरला उगम पावलेली भीमा पंढरपुरात चंद्रभागा म्हणवून घेते, सोलापूर जिल्हा ओलांडून कर्नाटकात शिरते आणि रायचूरच्या परिसरात कृष्णेला मिळते. पुढे कृष्णा आंध्र प्रदेशातील हंसलदीवी येथे बंगालच्या उपसागरात विलीन होते. म्हणजे सोलापूरचा समुद्र पूर्वेला आहे. माढ्यातील उसाच्या फडात आपण काय करतो, याचा संबंध मछलीपट्टणम परिसरातील मच्छीमाराशी पोहोचतो.

हा तर भूगोलाचा विषय. मराठीच्या अभ्यासक्रमात तो कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येईल. त्याचे उत्तर असे, की नदीचे पाणी कोणाचे हे ठरवताना आपण जी भाषा वापरतो, ती तटस्थ नसते. ती काही माणसांना वाक्यात जागा देते आणि काहींना वाक्याबाहेर ठेवते. प्रस्तुत घटकात आपण प्रथम वस्तुस्थिती समजून घेऊ आणि मग तिच्याविषयीच्या भाषेकडे वळू.

७.२ विषय-विवेचन

७.२.१ नदी किनाऱ्याला काय देते?

नदी समुद्राला केवळ पाणी देते, असा आपला समज असतो. वास्तविक ती चार गोष्टी देते : गोडे पाणी, गाळ, पोषकद्रव्ये आणि माशांना ये-जा करण्यासाठी वाट.

गोडे आणि खारे पाणी जेथे मिसळते, ती खाडी. तिसऱ्या, कालवे, कोळंबीची पिल्ले, बोय, जिताडा अशा अनेक जीवांचे आयुष्य या मिश्र पाण्यावर अवलंबून असते. पाला नावाचा मासा समुद्रात वाढतो. पण अंडी घालण्यासाठी नदीच्या प्रवाहाविरुद्ध वर चढतो. वाटेत बंधारा आला, की त्याची वाट तेथेच संपते. गाळाचे महत्त्वही कमी नाही. लाटा किनारा सतत खात असतात आणि नदी नवा गाळ आणून तो भरून काढत असते. या दोन क्रियांच्या समतोलावर त्रिभुज प्रदेश उभा असतो.

येथे एक भाषिक नोंद करून ठेवू. ‘कालवा’ (पुल्लिंगी) म्हणजे पाट. त्याचे अनेकवचन ‘कालवे’. ‘कालव’ (नपुंसकलिंगी) म्हणजे खडकाला चिकटून वाढणारा शिंपल्यातील जीव. त्याचेही अनेकवचन ‘कालवे’. ‘यंदा कालवे कमी आहेत’ हे वाक्य सोलापूरचा शेतकरी आणि कोकणातील खाडीकाठची स्त्री यांनी उच्चारले, तर उच्चार एकच असेल. परंतु एकाला आपले शेत आठवेल आणि दुसरीला आपली पाटी. एकाच भाषेत राहणाऱ्या या दोघांचा एकमेकांशी संबंध आहे, हे मात्र शब्दकोश सांगत नाही.

७.२.२ भीमा-कृष्णा : किनाऱ्याची उपासमार

सोलापूर हा अवर्षणप्रवण जिल्हा आहे. १९७२चा दुष्काळ येथील वृद्धांच्या स्मरणात अजूनही ताजा आहे. अशा प्रदेशात १९८०मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाने मोठे परिवर्तन घडवले. सुमारे ११७ अब्ज घनफूट क्षमतेच्या या जलाशयामुळे जिल्ह्यात ऊस पसरला आणि साखर कारखान्यांच्या संख्येत सोलापूर राज्यात आघाडीवर आले. या पाण्यावर अनेक घरांतील मुलांची शिक्षणे झाली, हे विसरून चालणार नाही.

तथापि, धरण पाण्याबरोबर गाळही अडवते. उजनीप्रमाणेच खाली कृष्णेवर अलमट्टी, नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर असे प्रकल्प झाले. विजयवाड्याजवळ प्रकाशम बंधारा आहे. यांपैकी कोणा एकाचा हा दोष नव्हे. सर्वांचा एकत्रित परिणाम पाहावा लागतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कृष्णा दरवर्षी सरासरी ५० अब्ज घनमीटरांहून अधिक पाणी समुद्राला देत असे. २००१ ते २००४ या अवर्षणाच्या काळात हा प्रवाह जवळजवळ थांबल्यात जमा होता. कृष्णेच्या मुखाजवळ किनाऱ्याची धूप होत असल्याचे संशोधकांनी उपग्रहचित्रांच्या साहाय्याने दाखवून दिले आहे. गोड्या पाण्याचा रेटा कमी झाला, की खारे पाणी जमिनीखालून आत सरकते; विहिरी मचूळ होतात आणि भातशेती अवघड बनते.

पाणीवाटपाचा हिशेब पाहण्यासारखा आहे. १९६९मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादाने कृष्णेचे २०६० अब्ज घनफूट पाणी वाटून दिले : महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० आणि आंध्र प्रदेशास ८००. या तीन आकड्यांची बेरीज करून पाहा. ती २०६०च भरते. तीन रकान्यांत सारे पाणी संपले. समुद्रासाठी चौथा रकाना उरला नाही.

असा अनुभव केवळ आपलाच नाही. इजिप्तमध्ये नाईल नदीवर आस्वानचे उंच धरण झाल्यावर पुराबरोबर समुद्रात जाणारी पोषकद्रव्ये अडली आणि मुखासमोरील तारलीची मासेमारी काही वर्षांतच कोसळली. किनारा उपाशी राहिला.

७.२.३ वाशिष्ठी : किनाऱ्याचे अजीर्ण

आता सह्याद्रीच्या पलीकडे जाऊ. कोकणातील नद्या आखूड आणि वेगवान. येथे किनाऱ्याची तक्रार नेमकी उलट आहे : नको ते आणि नको तितके येते.

वाशिष्ठी नदी चिपळूणवरून वाहत दाभोळ खाडीतून अरबी समुद्राला मिळते. रत्नागिरी जिल्ह्यातील वनाखालची बहुतेक जमीन खासगी मालकीची असल्याने तेथील वृक्षतोडीवर नियंत्रण ठेवणे कठीण जाते. डोंगरउतारावरील झाडे गेली, रस्त्यांसाठी आणि खाणींसाठी उतार कापले गेले, की कोकणचा मुसळधार पाऊस माती थेट नदीत आणतो. पात्र उथळ होते. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहर महापुरात बुडाले, त्यानंतर वाशिष्ठीतील गाळ काढण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घ्यावे लागले. खाडीतही गाळ साचतो. होड्यांना आत-बाहेर करण्यासाठी भरतीची वाट पाहावी लागते आणि शिंपले वेचण्याच्या जागा चिखलाखाली जातात.

गाळाच्या जोडीला रसायने येतात. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी याच खाडीकडे जाते. खाडीत मासे मरून तरंगल्याच्या तक्रारी तेथील मच्छीमार वर्षानुवर्षे करीत आले आहेत. गोव्यातही लोहखनिजाच्या खाणींतील माती पावसाबरोबर नद्यांत आणि शेतांत उतरत असे. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातील मक्याच्या शेतांना दिलेले नत्रखत वाहत मेक्सिकोच्या आखातात जाते. तेथे शेवाळ माजते, ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो आणि दर उन्हाळ्यात समुद्राचा एक मोठा पट्टा माशांसाठी निर्जीव होतो. २०१७मध्ये या पट्ट्याचे क्षेत्र २२ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक होते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी उजनीत आल्यावर जलाशयावर जी हिरवी साय धरते, जलपर्णी माजते, तिच्यामागची प्रक्रिया हीच आहे.

ही दोन उदाहरणे परस्परांपासून अलगही नाहीत. कोयना ही कृष्णेची उपनदी. परंतु वीजनिर्मितीनंतर तिचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेकडे वाशिष्ठीत सोडले जाते. पूर्वेच्या समुद्राकडे जाणारे पाणी पश्चिमेच्या खाडीत उतरते. एका किनाऱ्याची तूट आणि दुसऱ्याची भर एकाच निर्णयातून निघते.

७.२.४ ‘वाया’ जाणारे पाणी : भाषेचा विचार

‘समुद्रात वाया जाणारे पाणी अडवा’ हे वाक्य आपण भाषणांत ऐकले असेल, अग्रलेखांत वाचले असेल. ‘वाया जाणे’ या क्रियापदाचा विचार करा. काहीही आपोआप वाया जात नाही. ते कोणाच्या तरी लेखी वाया जाते. पण मराठीत हा ‘कोणाच्या लेखी’ उच्चारण्याची सक्ती नाही. तो गळतो आणि बोलणाऱ्याचे मत निसर्गनियमासारखे भासू लागते. खाडीकाठच्या माणसाच्या लेखी जे पाणी पोहोचले, ते आपल्या वाक्यात वाया गेले.

दुसरे उदाहरण वृत्तलेखनाचे. ‘खाडी दूषित झाली’, ‘गाळ साचला’, ‘मासळी घटली’ ही वाक्ये पाहा. तिन्ही क्रियापदे अकर्मक आहेत. दूषित करणारा, माती मोकळी करणारा कर्ता कोठेच नाही. ‘पाणी सोडण्यात आले’ या कार्यालयीन रचनेतही तेच घडते. अशा रचना चूक नाहीत. परंतु कर्ता ठाऊक असताना त्या वापरल्या, तर जबाबदारी व्याकरणात विरघळते.

तिसरे उदाहरण ‘गाळ’ या शब्दाचेच. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या २०१७च्या शासकीय योजनेच्या नावात एकाच गाळापासून मुक्ती हवी आहे आणि त्याच गाळाने युक्त व्हायचेही आहे. धरणात तो अडचण ठरतो, शेतात खत ठरतो. कृष्णेच्या मुखाशी तो पायाखालची जमीन असतो आणि दाभोळच्या खाडीत संकट. शब्दाचा अर्थ नदीच्या कोणत्या टप्प्यावर आपण उभे आहोत, यावर ठरतो.

यावरून सोलापूरच्या शेतकऱ्याला दोषी ठरवावे, असा निष्कर्ष काढू नये. तहानलेल्या प्रदेशाने पाणी मागणे न्याय्यच आहे. मात्र त्या मागणीचे वाक्य लिहिताना नदीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या माणसासाठीही त्यात जागा ठेवणे, हे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १

(अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. भीमेचे पाणी अखेरीस कोणत्या समुद्राला मिळते?
२. त्रिभुज प्रदेश कोणत्या दोन क्रियांच्या समतोलावर उभा असतो?
३. ‘खाडी दूषित झाली’ या वाक्यात कोणती माहिती लोपते?

(आ) योग्य की अयोग्य ते सांगा.
१. धरणामुळे केवळ पाणी अडते, गाळ अडत नाही.
२. कोयनेचे पाणी वीजनिर्मितीनंतर वाशिष्ठीत सोडले जाते.

७.३ सारांश

वरच्या खोऱ्यातील धरणे, पिके, खते, वृक्षतोड आणि कारखाने यांचा परिणाम नदीमार्गे किनाऱ्यावर पोहोचतो. कृष्णेच्या मुखाशी पाणी आणि गाळ कमी पडल्यामुळे, तर वाशिष्ठीच्या खाडीत गाळ आणि रसायने अधिक झाल्यामुळे मच्छीमारांची व शेतकऱ्यांची उपजीविका धोक्यात येते. ‘वाया जाणे’सारखे शब्दप्रयोग आणि कर्त्याचा लोप करणाऱ्या रचना हा संबंध दृष्टिआड करतात.

७.४ पारिभाषिक शब्द

जमीनवापर : शेती, वन, वस्ती, उद्योग इत्यादींसाठी होणारा जमिनीचा उपयोग.
त्रिभुज प्रदेश : नदीच्या मुखाशी गाळ साचून तयार झालेली सखल भूमी.
पोषकद्रव्ये : वनस्पती व शेवाळ यांच्या वाढीस लागणारे नत्र, स्फुरद इत्यादी घटक.

७.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

(अ) १. बंगालच्या उपसागराला. २. लाटांनी होणारी धूप आणि नदीने होणारी गाळाची भर. ३. खाडी कोणी दूषित केली, ही म्हणजे कर्त्याची माहिती.
(आ) १. अयोग्य. २. योग्य.

७.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘किनाऱ्याची उपासमार’ आणि ‘किनाऱ्याचे अजीर्ण’ या दोन संकल्पना सोदाहरण स्पष्ट करा.
२. पाणीप्रश्नावरील एखादी बातमी निवडून तिच्यातील कर्तालोपाची वाक्ये शोधा आणि ती कर्त्यासह पुन्हा लिहा.

क्षेत्रीय कार्य

दक्षिण सोलापूर तालुक्यातील हत्तरसंग कुडल येथे भीमा व सीना यांचा संगम आहे. तेथील मंदिरातील शके ९४०चा (इ. स. १०१८) शिलालेख मराठीच्या सर्वांत जुन्या कालनिर्देशित लेखांत गणला जातो. ‘कुडल’ या कन्नड शब्दाचा अर्थच संगम. शक्य असल्यास या स्थळाला, अन्यथा आपल्या गावच्या नदीला भेट द्या. काठावरच्या वृद्ध शेतकऱ्यांना, मासे धरणाऱ्यांना भेटून गाळ, पूर, पात्र, मासे यांसाठी ते वापरत असलेले शब्द टिपून घ्या. त्यांतील कोणते शब्द आता नातवंडांना कळत नाहीत, तेही विचारा. शेवटी एक परिच्छेद लिहा : या संगमावरून पुढे गेलेले पाणी कोणाकोणाच्या दारातून जाईल आणि अखेरीस कोणाच्या जाळ्यापर्यंत पोहोचेल?