फुटबॉलपटूची पाळी

पैसे घेऊन खेळतो तो व्यावसायिक, ही व्याख्या मला अपुरी वाटते. नव्वद मिनिटांत तो सुमारे दहा किलोमीटर धावतो. चेंडू त्याच्या पायाशी असतो जेमतेम दोन-तीन मिनिटे. बाकीचा वेळ जागा धरण्यात, प्रतिस्पर्ध्याला अडवण्यात जातो. त्याला टाळ्या नाहीत. लालबागचे आमचे आजोबा हे ऐकून म्हणाले, "म्हणजे आमच्या पाळीसारखंच की!" त्यांनी गिरणीतली पाळी कधी चुकवली नाही, १९८२ च्या संपानंतर गिरणीच राहिली नाही.

कूपरेजवर खेळणाऱ्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली. तरी २०१० मध्ये हंगाम चालू असतानाच संघ बंद करण्याचे जाहीर झाले. उरलेले सामने मात्र खेळाडूंना खेळावेच लागले. पुढचा करार मिळवायचा तो त्याच खेळातून.