न्हाणीतलं रडणं

दर्यापुरात आमच्याकडे नळाचं पाणी जपून वापरावं लागतं. तरी 2019 च्या उन्हाळ्यात मी दिवसातून तीन-तीनदा न्हाणीत जाऊन बादली उपडी करायची. पाण्याच्या आवाजात रडणं लपतं. पलीकडच्या खोलीत माझा 34 वर्षांचा मुलगा पडलेला असायचा आणि आई रडते हे त्याला कळू नये, एवढीच माझी धडपड होती. आज सांगते, ती धडपड चुकीची होती. ज्यांच्या घरात असा आजार शिरला आहे, त्यांनी माझ्या चुकीतून काही घ्यावं म्हणून हे लिहिते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत 31 वर्षं शिकवलं. मुलाचं इथेच बनोशात कूलर आणि फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान होतं. हातात पाना आणि गालात खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोटायचा आणि आलेल्या गिऱ्हाईकालाही चिमूटभर द्यायचा. आमच्या वऱ्हाडात खर्ऱ्याला व्यसन कोण म्हणतो? 2012 मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, पानठेल्यावर खर्रा घोटणं थांबलं नाही. एक दिवस तो म्हणाला, जेवण तोंडात झोंबतं. मी भाजीतलं तिखट कमी केलं. मग तोंड पुरतं उघडेना, तर मी भाकर दुधात कुस्करून दिली. शिकलेली बाई मी, पण सहा महिने मी आजारावर स्वयंपाकघरातच उपचार करत बसले. तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरत नसेल, पांढरा किंवा लाल चट्टा दिसत असेल, उभी तीन बोटं तोंडात जात नसतील, तर तिखट कमी करू नका, डॉक्टरला दाखवा.

2017 मध्ये मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. जबड्याचा भाग आणि अर्धी जीभ गेली. पुढे रेडिएशनचे शेक झाले. मूर्तिजापूरहून रात्रीची अंबा एक्स्प्रेस आणि दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा, हा आमचा रस्ता पाठ झाला. गाडगेबाबा आमच्याच शेजारच्या अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावचे. पूर्णेच्या काठी ऋणमोचनला त्यांनी यात्रेकरूंची सेवा केली. त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आज कॅन्सरचे रुग्ण टेकतात. तिथे वऱ्हाडी बोली कानावर पडली की मुंबईतही माहेरी आल्यासारखं वाटायचं. एक व्यवहाराची गोष्ट इथेच सांगते: उपचाराला जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट लागत नाही, सोबत्याला 75 टक्के सवलत मिळते. रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यात दाखला घ्यावा लागतो. आम्हाला हे तिसऱ्या फेरीत कळलं.

पुढच्या वर्षी दिवाळीत गळ्याला गाठ आली. जानेवारी 2019 मध्ये डॉक्टरांनी मला आणि ह्यांना आत बोलावलं. मुलगा बाहेर बाकावर होता. डॉक्टर खुर्ची पुढे ओढून शांतपणे म्हणाले, आजार आता बरा होण्यातला नाही, पण त्रास कमी करता येईल. मी पहिला अर्धा भाग ऐकला. दुसरा कानावरून गेला. दाराबाहेर यायच्या आधीच मी ह्यांना बजावलं, "त्याले काही सांगाचं नाही."

पुढचे तीन महिने आम्ही नुसते धावलो. एका वैदूकडे नेलं, त्यानं काढ्याच्या बाटल्या दिल्या आणि आधीच्या सगळ्या गोळ्या बंद करायला लावल्या. कुणी सांगितलं म्हणून एका खासगी दवाखान्यात आणखी दोन केमो घेतले. दोन एकर विकलं. मुलगा उलट्यांनी अर्धा झाला. मनावर हात ठेवून विचारलं तर ही धावाधाव त्याच्यासाठी कमी आणि लोकांसाठी जास्त होती. "पोराले कुठी नेलं नाही," असं कुणी म्हणू नये, हे भय. दुसऱ्या डॉक्टरचं मत जरूर घ्या, पण सगळे कागद घेऊन, एकदा, कॅन्सरच्याच तज्ज्ञाचं. आणि कोणताही उपचार घेण्याआधी चार प्रश्न विचारा: यानं आजार बरा होणार की फक्त वेळ वाढणार? किती वाढणार? त्या वेळात तो घरी असेल की दवाखान्यात? आणि हे नाही केलं तर त्याला आराम कसा देणार? मी यातला एकही विचारला नव्हता.

डॉक्टरांच्या वाक्याचा तो दुसरा अर्धा भाग म्हणजे पॅलिएटिव्ह केअर. काही जण तिला परिहार सेवा म्हणतात. आजार हटत नसला तरी दुखणं, दम लागणं, मळमळ, जखमेचा वास, मनाची घालमेल यांवर उपचार असतात, आणि ते शेवटच्या आठवड्यात नव्हे, पहिल्या दिवसापासून सुरू करायचे असतात. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन 1986 पासून हेच काम करतं. टाटा रुग्णालयात त्याचा वेगळा विभाग आहे. तेव्हा आम्ही त्याचं दारही पाहिलं नव्हतं. एप्रिलमध्ये मुलगा रात्र-रात्र उशी चावायला लागला, तेव्हा नागपूरच्या एका डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. जेवणाच्या नळीतून, दर चार तासांनी. नातेवाईक म्हणाले, अफू आहे, सवय लागेल, लवकर जाईल. डॉक्टरांनी समजावलं की दुखण्यासाठी बेतानं दिलेल्या मॉर्फिननं माणूस सहसा व्यसनी होत नाही आणि मरणही ओढवत नाही. पूर्वी परवान्यांच्या गुंत्यामुळे हे औषध मिळणं कठीण होतं. 2014 मध्ये कायदा बदलून वाट सोपी केली. तरी ते प्रत्येक मेडिकलवर मिळत नाही, म्हणून गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी सोय करा. दुखेल तेव्हा देऊ असं करू नका, घड्याळ लावून द्या. आणि पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध सोबत मागून घ्या, नाहीतर एक दुखणं जाऊन दुसरं येतं. गळ्यावरची जखम फुटली तेव्हा वासानं माणसं दारातूनच परतत. मेट्रोनिडाझोलची पूड जखमेवर टाकायला सांगितली, चार दिवसांत वास ओसरला. एवढीशी ती पूड. आधी माहीत असती तर त्याची मुलगी महिनाभर लांब राहिली नसती.

मॉर्फिन सुरू झालं त्या रात्री तो सलग झोपला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं खूण करून पाटी मागितली. अर्ध्या जिभेचं बोलणं कळत नसे, म्हणून मी त्याला शाळेतली पाटी आणून दिली होती. शाळेत मी त्याला शुद्ध लिहायला लावायची. पाटीवर तो बोलतो तसंच लिहायचा. त्यानं लिहिलं: "मले जानेवारीतच समजलं. तुम्ही बाहेर आले तवा बाबाची टोपी हातात होती."

मी पाटीकडे बघत राहिले. त्यानं पुसलं आणि पुन्हा लिहिलं: "रडाचं असन तं माह्याजवळ रड. न्हाणीत नको, पानी वाया जाते."

म्हणजे चार महिने आम्ही त्याच्यापासून लपवत होतो आणि तो आमच्यापासून. एका घरात तीन माणसं एकच दुःख तीन कोपऱ्यांत घेऊन बसली होती. त्यानंतरचे पाच आठवडे आम्ही बोललो. त्यानं सुनेला सांगितलं, नर्सिंगचा अर्ज भर, सासू पोरगी सांभाळेल. बँकेचं खातं, विम्याचा कागद, सातबारा, सगळं त्यानं दाखवून दिलं. व्हेंटिलेटरवर ठेवू नका, घरीच राहू द्या, हेही त्यानंच ठरवलं. अशी इच्छा आधी लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये मान्य केला आहे, 2023 मध्ये त्याची रीतही सोपी झाली. आम्ही डॉक्टरांसमोर बोलून ठेवलं होतं, म्हणून शेवटच्या रात्री कुणी "ॲम्ब्युलन्स बोलवा" म्हणून ओरडलं नाही.

खरं सांगा म्हणजे सगळं एकदम ओता, असं नाही. आधी विचारा, "तुले काय वाटते?" बहुतेकदा माणूस आपल्यापेक्षा पुढे पोचलेला असतो. त्याला ऐकायचं नसेल तर थांबा, पण खोटं रचू नका. लहान मुलांनाही सांगा. सहा वर्षांच्या नातीला आम्ही "बाबा बरे होतील" म्हणत होतो. शेवटी तिच्या आईनंच सांगितलं, बाबांचा आजार फार मोठा आहे, आणि तो तुझ्यामुळे झालेला नाही. ती तेव्हा ढसाढसा रडली आणि संध्याकाळी वही घेऊन बापाशेजारी बसली.

शेवटच्या आठवड्यात नळीतून दिलेलं त्याला सोसेना, दम लागायचा. मी तरी वरण गाळून भरतच होते. जेवण कमी झालं म्हणून तो चालला, असं मला वाटत होतं. खरं म्हणजे शरीर आवरतं घेत असतं, म्हणून अन्न नको होतं. तेव्हा ओल्या फडक्यानं ओठ पुसा, दर दोन तासांनी कूस बदला, हात धरून बसा. श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होतो, घाबरू नका. मृग लागायच्या आत, जूनच्या पहिल्या आठवड्यात, पहाटे तो गेला.

मौतीला आलेल्यांनी मला गाडगेबाबांची गोष्ट ऐकवली. 1923 साली कीर्तन चालू असताना मुलगा गोविंद गेल्याचा निरोप आला आणि बाबांनी कीर्तन थांबवलं नाही. त्या थोरवीला हात जोडते. पण पोर गेलेल्या आईला ती गोष्ट ऐकवू नका. तिच्या घरी डबा पाठवा, तेराव्यानंतरही जा, आणि मुलाचं नाव काढा. लोक नाव टाळतात, तेच जास्त लागतं.

दुकानात लोकांचे अकरा कूलर पडले होते. कुणाचा कोणता, कुणाकडून किती घ्यायचे, कोणाकडून घ्यायचेच नाहीत, हे त्यानं पाटीवर सांगितलं आणि मी वहीत उतरवून घेतलं. पावसाळ्याच्या तोंडाशी सगळे कूलर आपापल्या घरी गेले. बाकीचं बोलणं मात्र पाटीवरच राहिलं आणि पुढचं लिहिताना पुसलं गेलं. मी पुसलेल्या पाट्या मोजत नाही. जानेवारी ते एप्रिल ती पाटी कोरी राहिली, ते दिवस मोजते.