नावाने केलेली दिशाभूल

निन्टेन्डो या जपानी कंपनीने २००६ साली ‘वी’ हा घरगुती व्हिडिओ खेळांचा संच बाजारात आणला. हातातील रिमोट फिरवावा तशी पडद्यावरची निशाणी फिरते. ती थरथरू लागली किंवा नाहीशी झाली, की दोष टीव्हीजवळच्या ‘सेन्सर बार’ला दिला जातो. माझ्या मते येथे नावच फसवते. ही पट्टी काहीच टिपत नाही. तिच्या दोन टोकांना अवरक्त प्रकाशाचे दिवे आहेत, इतकेच. पाहणारा कॅमेरा रिमोटच्या तोंडाशी असतो.

हे ध्यानी घेतले की तपासणीचा क्रम आपोआप लागतो. बटणेही चालत नसतील, तर प्रथम सेल बदलावेत. मग रिमोटच्या सेलजवळचे व संचावरचे तांबडे बटण दाबून जोडणी पुन्हा करावी. बटणांचे संदेश रेडिओलहरींनी जातात; तेव्हा बटणे चालूनही निशाणी दिसत नसेल, तर दोष प्रकाशात शोधावा. पट्टीची वायर निघाली आहे काय? रिमोटसमोर ऊन, आरसा वा प्रखर दिवा आहे काय? शेवटी पट्टीच्या जागी, टीव्हीपासून जपून, वीतभर अंतराने दोन मेणबत्त्या लावाव्यात. निशाणी परतली, तर रिमोट निर्दोष आणि पट्टी सदोष.

साधनाचे नाव नव्हे, कार्य आधी विचारावे. मग चांगला रिमोट उगाच टाकून द्यावा लागत नाही.