कीर्तन चालू असताना फोन आला तर

वैजापूर तालुक्यात शेतीला रात्रीची लाईट असली की माणूस मोबाइलवर कीर्तन लावून शेतात बसतो. मध्येच फोन वाजतो. कधी घरचा असतो, तर कधी मोटारीच्या मोबाइल स्टार्टरचा, लाईट आली किंवा गेली हे सांगणारा. सरला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या परंपरेतला १७८ वा अखंड हरिनाम सप्ताह २०२५ साली याच तालुक्यात, शनिदेवगावला झाला. अशा सप्ताहांतली कीर्तनं ऐकवणारं अ‍ॅप तुम्ही बनवत असाल, तर आवाज मध्येच तुटला की काय करायचं हे आधी ठरवा. रंगसंगती नंतर.

१. आवाजाचा प्रकार सांगा. अँड्रॉइडवर ऑडिओ अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये वापर ‘मीडिया’ ठेवा आणि आशयाचा प्रकार ‘स्पीच’ ठेवा. टाळ-मृदंग आहे म्हणून ‘म्युझिक’ लिहायचा मोह होतो, पण तो आवरा. अँड्रॉइड ८ पासून मॅपचा आवाज आला की सिस्टिम गाण्याचा आवाज स्वतःच खाली घेते आणि नंतर पूर्ववत करते, अ‍ॅपला त्याचा पत्ताही लागत नाही. गाण्याला ते चालतं. पण समृद्धी महामार्गावर मॅप ‘जांबरगावला बाहेर पडा’ म्हणत असताना महाराज दृष्टांताचा शेवट सांगत असतील, तर दोन्हीपैकी काहीच धड ऐकू येत नाही. बोलणं दबक्या आवाजात चालू ठेवू नये, सरळ थांबवावं. आयफोनवर कॅटेगरी ‘प्लेबॅक’ आणि मोड ‘स्पोकन ऑडिओ’ ठेवा.

२. ऑडिओ फोकस मागा, तोही प्ले दाबल्यावरच. अ‍ॅप उघडल्या उघडल्या मागितलात, तर दुसऱ्या अ‍ॅपमध्ये चालू असलेल्या बातम्या विनाकारण बंद पडतील. कॉल चालू असताना फोकस नाकारला जातो, तेव्हा वाजवायचं नाही. अँड्रॉइड १५ किंवा त्यापुढचं टार्गेट ठेवलेलं अ‍ॅप समोर उघडं नसेल आणि फोरग्राउंड सर्व्हिसही चालू नसेल, तरी नकारच मिळतो.

मीडिया३ मधला एक्झोप्लेअर वापरत असाल तर ‘सेट ऑडिओ अ‍ॅट्रिब्यूट्स’चा दुसरा पॅरामीटर ‘ट्रू’ द्या. फोकस मागणं, थांबणं, पुन्हा सुरू होणं हे सगळं तो सांभाळतो, आणि प्रकार ‘स्पीच’ असेल तर आवाज कमी न करता थांबतो. हे पुन्हा हातानं लिहीत बसू नका. प्लेअर आणि तुमचा कोड दोघं एकाच वेळी फोकस सांभाळू लागले की गोंधळ होतो.

३. कोणी थांबवलं याची नोंद ठेवा. सगळ्या कृतीचा जीव इथे आहे. स्वतःचा प्लेअर लिहिला असेल तर एक बूलियन पुरतो. तात्पुरता फोकस गेला (कॉल, मॅप, अलार्म) आणि त्या क्षणी कीर्तन चालू होतं, तरच तो ‘ट्रू’ करा. मधल्या वेळात ऐकणाऱ्यानं स्वतः पॉज दाबलं, तर लगेच ‘फॉल्स’. फोकस परत आल्यावर तो पाहूनच वाजवा. फोकस कायमचा गेला, म्हणजे त्यानं दुसऱ्या अ‍ॅपमध्ये व्हिडिओ लावला, तर आपण होऊन परतायचं नाही. घरात कुणी गेल्याचा फोन ठेवल्याबरोबर खिशातून टाळ वाजू लागले, तर ते अ‍ॅप पुन्हा कोण उघडेल? म्हणून कॉल फार लांबला तर थांबलेलंच राहू द्या, असं माझं मत आहे.

आयफोनवर इंटरप्शनची सूचना ऐका. ‘बिगॅन’ येईपर्यंत सिस्टिमनं आवाज थांबवलेलाच असतो; तुम्ही फक्त बटण बदला आणि जागा जपून ठेवा. ‘एंडेड’बरोबर ‘शुड रिझ्यूम’ असेल तरच सेशन सक्रिय करून वाजवा. ‘एंडेड’ येईलच याची हमी नसते, त्यामुळे त्याच्यावर विसंबून प्लेचं बटण अडवून ठेवू नका.

४. परतताना थोडं मागे जा. मॅपनंतर पाच सेकंद, कॉलनंतर दहा. ओवीचा अर्धा चरण ऐकून पुढे जाण्यापेक्षा पूर्ण चरण पुन्हा ऐकलेला बरा.

५. हेडफोन निघाला की थांबा. अँड्रॉइडवर ‘ऑडिओ बिकमिंग नॉइझी’ ही सूचना येते. एक्झोप्लेअरमध्ये तिचा स्विच आहे, पण तो आपण चालू करावा लागतो. आयफोनवर रूट चेंजचं कारण ‘ओल्ड डिव्हाइस अनअव्हेलेबल’ आहे का ते पाहा. हेडफोन पुन्हा जोडला म्हणून आपोआप सुरू करू नका.

६. तपासणी दोन खऱ्या फोनांवर करा, स्वस्तातला एक हवाच. कीर्तन लावून स्क्रीन बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून कॉल करा. एकदा उचला, एकदा कापा, एकदा नुसता वाजू द्या. मग व्हॉट्सअ‍ॅप कॉल, अलार्म, मॅप. शेवटी कॉल चालू असतानाच ब्लूटूथ हेडफोन बंद करा आणि मग कॉल ठेवा: कीर्तन स्पीकरवर सुरू झालं, तर पाचवी पायरी पुन्हा तपासा.