इंजिनाचा धूर व जनावरांची फुफ्फुसे

खालापूर तालुक्यात पाताळगंगेच्या काठी वसलेल्या रसायनी परिसरात भातशेती व कारखाने शेजारी शेजारी आहेत. रस्त्यावर मालमोटारींची वर्दळ असते, तर शेतावर पंप, मळणीयंत्र व जनित्र यांसाठी डिझेल इंजिन वापरले जाते. या धुराचा जनावरांच्या फुफ्फुसांवर कसा परिणाम होतो, हे पशुपालकांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

डिझेलच्या धुरातील काजळीचे अतिसूक्ष्म कण श्वासाबरोबर थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथील भक्षक पेशी हे कण गिळून बाहेर नेतात. परंतु दाट धूर दीर्घकाळ श्वासात गेल्यास हे काम त्यांना झेपेनासे होते, कण साचत जातात व फुफ्फुसाचा दाह सुरू होतो.

अमेरिकेत १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांना दिवसाला ७ तास, आठवड्यातून ५ दिवस, ३० महिन्यांपर्यंत या धुरात ठेवले होते. दर घनमीटर हवेत ३.५ व ७ मिलिग्रॅम काजळी असलेल्या गटांत फुफ्फुसांतील गाठी वाढल्या, ०.३५ मिलिग्रॅमच्या गटात वाढल्या नाहीत. हॅमस्टर या प्राण्यात मात्र अशा गाठी आढळलेल्या नाहीत. म्हणून उंदरांचे निष्कर्ष गुरांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. तथापि धुराचे प्रमाण व काळ जितका अधिक, तितकी हानी अधिक, हा बोध त्यातून निश्चित मिळतो. गुरांची फुफ्फुसे शरीराच्या मानाने लहान असल्याने त्यांच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी.

पशुपालकांनी पुढील गोष्टी कराव्यात :

१. गोठ्यात वा पडवीत इंजिन कधीही चालवू नये. बंदिस्त जागेतील कार्बन मोनॉक्साइड वायू माणसे व जनावरे या दोहोंसही प्राणघातक ठरतो.

२. पावसाळ्यात वारा बहुधा नैर्ऋत्येकडून वाहतो. त्या दिवसांत इंजिन गोठ्याच्या ईशान्येस, दूर ठेवावे.

३. पावसाची झड अडविताना गोठा चहूबाजूंनी बंद करू नये. छपरालगत हवा खेळती ठेवावी.

४. इंजिन काळा धूर ओकू लागल्यास हवागाळणी साफ करून नोझल तपासून घ्यावे.

५. नवीन गोठा रहदारीच्या रस्त्यालगत बांधू नये.

जनावरास सतत खोकला येत असेल किंवा विश्रांतीतही धाप लागत असेल, तर केवळ धुरास दोष देऊन थांबू नये. जंत व संसर्ग यांमुळेही खोकला येतो. अशा जनावराची पशुवैद्यकीय दवाखान्यात त्वरित तपासणी करून घ्यावी. ग्रामसेवकांनी गोठ्यांना भेटी देताना इंजिनाची जागा अवश्य पाहावी. ती बदलण्यास खर्च थोडा येतो. निकामी झालेले फुफ्फुस मात्र पुन्हा पूर्ववत होत नाही.