मेडिकल लायब्ररीत एकटी पडू नकोस

अगं, ग्रंथपालांच्या संघटनेचा फॉर्म जरूर भर, पण एकदम तीन-तीन नकोत. जादवपूरची एम.लिब. पुरी व्हायच्या आतच तू ‘मेडिकल लायब्ररीतच काम करणार’ म्हणालीस, मला बरं वाटलं. आता वर्गात कुणी सांगत नाही ते सांगते. हॉस्पिटलच्या लायब्ररीत बरेचदा आपलं काम कळणारी आपण एकटीच असतो. संध्याकाळी दार लावायच्या वेळेला एखादा रेसिडेंट धापा टाकत येतो, थिसिसचा प्रोटोकॉल उद्या द्यायचा असतो. ‘मॅडम, एवढा एक पेपर मिळेल का?’ पबमेडवर सारांश दिसतो, अख्खा लेख मात्र कुलपात. आपल्या कॉलेजचं वर्गणीचं खातं तिथवर पोचत नाही. अशा वेळी तुझी डिग्री भिंतीवर टांगलेलीच राहते. उपयोगी पडतो तो दुसऱ्या गावच्या ग्रंथपालाचा नंबर, आणि तोही ‘मागच्या सेमिनारला भेटलो होतो ना’ एवढी ओळख असलेला.

ही गरज फार जुनी आहे गं. १८९८ साली फिलाडेल्फियात चार ग्रंथपाल आणि चार डॉक्टर एकत्र बसले आणि अमेरिकेतली मेडिकल लायब्ररी असोसिएशन उभी राहिली. सुरुवातीचं मोठं काम कोणतं, तर आपल्याकडे जास्त झालेले मासिकांचे अंक एकमेकांना देणं! शेजारणीला वाटीभर भाजी द्यावी तसं.

तू तर या बाबतीत नशीबवान आहेस, कोलकात्यात आलीस. बंगीय ग्रंथागार परिषद इथली, १९२५ची. पहिले अध्यक्ष साक्षात रवींद्रनाथ. इंडियन लायब्ररी असोसिएशनचा जन्मही इथलाच, १९३३चा. पुढे ती दिल्लीला गेली. आणि १९५५ची आयस्लिक, म्हणजे संशोधन संस्था, उद्योग, हॉस्पिटलं अशा खास ग्रंथालयांची संघटना, तिचं कार्यालय आजही कांकुरगाछीला आहे. तिचे पहिले अध्यक्ष डॉ. सुंदरलाल होरा हे माशांचे शास्त्रज्ञ. ग्रंथालयाची खरी निकड वाचणाऱ्यालाच जास्त कळते, दुसरं काय!

माझं म्हणशील तर आयस्लिकपासून सुरुवात कर. घराजवळ आहे, आणि एका वर्षी परिषद, दुसऱ्या वर्षी सेमिनार असा त्यांचा क्रम आहे. विद्यार्थ्यांसाठी सवलत आहे का, ते आधी विचार. आजीव सभासदत्वाचे पैसे पहिल्या पगारातून घालू नकोस, साड्या घे. मेडिकल लायब्ररी असोसिएशन ऑफ इंडिया ही आपल्या खास कामाची, पण ती नोकरी लागल्यावर घे. तेव्हा तिथे विचारायला तुझ्याकडे प्रश्न असतील. बंगीय परिषदेचं मुखपत्र ‘ग्रंथागार’ बांगलात निघतं, लिपी लागली की वाचायला घे.

सभासद झालीस की मात्र मागच्या रांगेत बसून जेवणाची कुपनं मोजू नकोस. नोंदणीच्या टेबलावर बसते म्हणून स्वतःहून सांग. बिल्ले, पिशव्या, पावत्या वाटताना प्रत्येकाचं नाव, गाव, संस्था तुझ्या हाताखालून जाते. कोण मेडिकल कॉलेजातून आलंय ते टिपून ठेव आणि चहाच्या वेळेला त्यांना गाठ. सिस्टिमॅटिक रिव्ह्यूसाठी शोध कसा लावता, पबमेडच्या विषयसूचीतले, म्हणजे मेशचे, शब्द कसे निवडता, सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या वर्गणी योजनेत तुमचं कॉलेज बसलं का, असलं नेमकं विचार. अशा प्रश्नांवर ज्येष्ठ माणसं खुलतात. अध्यक्षांबरोबरच्या फोटोला तेवढी किंमत नाही.

आणि हो, ‘आंतरराष्ट्रीय’ नावाच्या, पैसे भरताच सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांपासून चार हात लांब राहा. वार्षिक सभा होते का, हिशेब वाचतात का, मुखपत्र वेळेवर निघतं का, एवढं पाहिलं की पुरे.

तर या आठवड्यात कांकुरगाछीच्या कार्यालयाची वेळ फोन करून विचार. जाताना दोन पासपोर्ट फोटो जवळ ठेव, आणि बोल बांगलातच. मोडकंतोडकं असलं तरी चालेल.