ठेचा, पातोडी आणि वुव्रेची बाटली

शंका : भाचा फ्रान्समध्ये शिकतो. येताना त्यानं वाइन आणली. लेबलावर ‘वुव्रे’ आणि खाली ‘दमी-सेक’ एवढंच आहे, द्राक्षाचं नावच नाही. आमच्या घरी पातोडीचा रस्सा, ठेचा, भाकरी. ही वाइन त्यात बसेल का, की चीज वगैरे मागवावं? – एक वाचक, खामगाव

समाधान : चीजसाठी धावपळ नको. भाच्यानं लाल वाइन आणली असती, तर मी इतक्या खात्रीनं बोललो नसतो. लाल वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीचा तुरटपणा उतरलेला असतो; तिखटापुढे तो बोचतो, आणि अल्कोहोल जास्त असेल तर जिभेची आग आणखी भडकते. आपली बाटली पांढऱ्या वाइनची. ‘दमी-सेक’ म्हणजे किंचित गोडसर, आणि जोडीला खणखणीत आंबटपणा. गोडी मिरचीला आवरते, आंबटपणा तळणाचा तेलकटपणा कापतो.

म्हणून पहिला मान शेगावच्या कचोरीला. मग पुडाची वडी, आणि मिरची हात राखून घातलेलं वांग्याचं भरीत. ठेचा दाण्याचा, तोही बोटावर येईल इतकाच. पातोडीचा रस्सा काळ्या मसाल्याचा, वर लाल तर्री असलेला असेल, तर तिथे ही वाइन हरेल. पातोड्या कोरड्याच घ्या. पुरणपोळीबरोबर मात्र मुळीच नको. पोळीची गोडी वाइनपेक्षा कितीतरी जास्त, तिच्यापुढे वाइन नुसती आंबट लागते. बाटली फ्रिजमध्ये तीन-चार तास ठेवा आणि उन्हाळ्यात ग्लासात थोडी थोडीच ओता, कारण आपल्याकडच्या उकाड्यात ती बघता बघता कोमट होते.

आता द्राक्षाचं. वुव्रे हे लुआर नदीच्या उत्तर काठावरचं, तूर शहराच्या पूर्वेचं गाव. 1936 साली या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं. कुठल्या शिवारातली द्राक्षं आणि कुठल्या जातीची, हे नियमानंच ठरलेलं असल्यामुळे गावाचं नाव पुरतं. जात आहे शेनिन ब्लां. तिथला खडक म्हणजे मऊ, पांढरट चुनखडी. लुआरकाठचे राजवाडे याच दगडाचे. दगड काढून उरलेल्या गुहांत कधी माणसं राहिली. आज अनेक गुहांत बाटल्या मुरतात.

हवा थंड, त्यामुळे द्राक्ष सावकाश पिकतं. तोड ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरपर्यंतही लांबते. आंबटपणा टिकतो तो त्यामुळेच. वर्ष उबदार गेलं तर गोड वाइन जास्त होते, गारठ्याचं गेलं तर कोरडी आणि फेसाळ. त्यामुळे नुसतं ‘वुव्रे’ वाचून भागत नाही. ‘सेक’ असेल तर कोरडी, ‘मोएलो’ असेल तर चांगलीच गोड. दुकानदारही यात गोंधळतात.

शंका : नाशिकची शेनिन ब्लां प्यायलो होतो. द्राक्ष तेच, तर ती इतकी वेगळी का लागते? – तेच वाचक

समाधान : वुव्रेत वेल हिवाळाभर झोपतो. नाशिकात त्याला तशी झोप मिळतच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळछाटणी, आणि तोड साधारण जानेवारी ते मार्च. ऊन चढत असताना द्राक्ष भरभर पिकतं, आंबटपणा उतरतो, पेरू-अननसासारखा वास पुढे येतो. ‘सुला’नं 2000 साली बाजारात आणलेल्या पहिल्या वाइनांमध्ये शेनिन ब्लां होती. (छाटणीवरून आठवलं : तूरचे संत मार्टिन यांच्या गाढवानं वेल खाल्ले आणि पुढच्या वर्षी त्यांनाच उत्तम फळ आलं, अशी तिकडे दंतकथा आहे. बागायतदारांनी हसू नये.)

कचोरीबरोबर आधी नाशिकची बाटली उघडून बघा, त्यातही थोडी गोडसर निघाली तर उत्तम. स्वस्त पडते. भाच्याची बाटली तो पुन्हा येईपर्यंत अंधारात, गार जागी आडवी ठेवली तर बिघडणार नाही. माळ्यावर मात्र ठेवू नका, पत्र्याखाली तर नकोच.